डिस्क बदलली तरी

मला स्वस्थ बसता येत नाही. गॅसचं बटण बंद आहे का हे मी दोनदा बघते, कुलूप लावल्यावर ते ओढून बघते आणि जिना उतरून खाली आले की पुन्हा वर जाऊन एकदा बघते. नवरा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी आहे आणि डोक्यालाही. त्याचं बरं आहे, त्याच्या डोक्यावर छप्पर कोसळलं तरी तो आधी चहा संपवेल.

काम मात्र मी बसून करायचं निवडलं. मराठीतले प्रबंध मी टाईप करून देते. कोणी हाताने लिहिलेले कागद आणून देतं, कोणी फोनवर काढलेले तिरके फोटो पाठवतं, आणि सगळ्यांनाच ते उद्या हवं असतं. पंधरा-वीस वर्षं हेच करते आहे. एका जुन्या फॉन्टवर माझा हात बसलेला आहे, त्यात डोळे मिटूनही जोडाक्षर चुकत नाही. दुसरा कुठलाही फॉन्ट दिला तर मी पहिलीतल्या मुलीसारखी अक्षरं शोधत बसते.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझा लॅपटॉप गेला. दुरुस्तीच्या पलीकडे गेला. तेव्हा हातात दोन प्रबंध होते. दादाला फोनवर सांगितलं. रडले वगैरे नाही, पण माझं न रडणंही त्याला ऐकू येतं.

दादा माझ्याहून बराच मोठा. वडील गिरणीत होते. गिरणी गेली आणि पाठोपाठ वडीलही गेले, तेव्हा दादा कॉलेज सोडून नोकरीला लागला आणि मी शाळेत राहिले. त्याने लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, आधी तुझं होऊ दे. माझं झाल्यावर म्हणाला, आता कुठे. बोरिवलीला एकटा राहतो. अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत तीस वर्षं झाली त्याला. ॲडमिनमध्ये आहे, म्हणजे खुर्ची, टेबल, पंखा, लॅपटॉप, जे काही कंपनीचं ते सगळं त्याच्या नजरेखाली. प्रत्येक वस्तूला नंबरचं चंदेरी स्टिकर तो स्वतः चिकटवतो. ऑफिसचं पेन चुकून खिशाला लागून घरी आलं तर दुसऱ्या दिवशी ते परत नेणारा माणूस. त्यावरून आम्ही त्याची आयुष्यभर चेष्टा केली आहे. त्याची तीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा ऑफिसातल्या चार-पाच जणांना मी घाटकोपरला आमच्याकडे कोंबडी-वडे खायला बोलावलं होतं. ते सगळे दादाबद्दल अशा आवाजात बोलत होते की मला वडे तळता तळता भरून आलं होतं.

भाऊबीजेला तो आला तो काळी बॅग घेऊन. मी ओवाळलं, आणि त्याने ती बॅग ताटात ठेवली. ताट एकदम जड झालं, निरांजन कलंडता कलंडता राहिलं. आत लॅपटॉप होता.

"ऑफिसातला आहे. जुना झालेला, कपाटात पडून होता," एवढंच तो म्हणाला.

ऑफिसने दिला असणार, हे मी माझ्या मनाने धरलं. आमच्यात ओवाळणीबद्दल काही विचारत नाहीत. पाकीट असलं तरी ते भावासमोर उघडायचं नाही, आत नेऊन बघायचं. आणि दुसऱ्या कोणाला विचारलंही असतं, पण दादाला? कपाटातून काढलेला लॅपटॉप तू कोणाच्या परवानगीने आणलास, असं मी दादाला विचारायचं? लॅपटॉपच्या खालच्या बाजूला स्टिकर काढल्याची चिकट खूण होती. ती मी खोबरेल तेलाने पुसून स्वच्छ केली.

त्यात दादाने सगळं जुनं पुसून एक फुकटची सिस्टम टाकून आणली होती. चालायची, पण माझा फॉन्ट काही तिला पचेना. शिवाय लॅपटॉप इतका हळू की एक पान उघडेपर्यंत माझे दोन कप चहा व्हायचे. हळू माणसं मी सहन करते, लग्नच तशा माणसाशी केलंय, पण हळू मशीन मला सहन होत नाही. दोन-तीन महिने कसेबसे काढले आणि मग स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले.

"डिस्क थकलीय मॅडम. नवी टाकू, विंडोज टाकू, एकदम रॉकेट होईल," दुकानदार म्हणाला.

"टाका. आणि जुनी डिस्क मला परत द्या."

जुना पार्ट दुकानात सोडून यायची आमच्याकडे पद्धत नाही. मिक्सरचं झिजलेलं कपलिंग, पंख्याचा कंडेन्सर, गिझरची कॉइल, सगळं पिशवीतून घरी येतं आणि एका ड्रॉवरमध्ये पडून राहतं. त्याचा कोणाला काही उपयोग नसतो, पण खरंच बदललं ना, याची खात्री असते. तशी ती डिस्कही वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आली.

नवी डिस्क टाकल्यावर लॅपटॉप खरंच पळायला लागला. फॉन्ट बसला. मी खूश होते. दादाला फोन करून सांगितलंही, की तुझ्या लॅपटॉपला नवं काळीज बसवलं. तो म्हणाला, "अगं, मला सांगायचं ना, मी करून दिलं असतं."

मग संकष्टीच्या दिवशी दुपारी, एका प्रबंधाचं तिसरं प्रकरण अर्ध्यात असताना, पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर आला. हे यंत्र अमुक कंपनीची मालमत्ता आहे. ते चोरीला गेल्याची नोंद आहे. ज्याच्या हातात असेल त्याने या क्रमांकावर फोन करावा.

मला आधी वाटलं ही फसवाफसवी. हल्ली फोनवर, मेलवर रोज काही ना काही येतंच. मग मी कंपनीचं नाव वाचलं. दादाच्या कंपनीचं होतं. दादाच्या शर्टाच्या खिशावर असतं तसंच, तशाच अक्षरांत.

मी झाकण बंद केलं. उघडलं. बंद करून पुन्हा चालू केला. मजकूर हलला नाही. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, परत आले, तर तो तिथेच.

दर संकष्टीला संध्याकाळी मी दादाला फोन करते. तो उपास धरतो पण कॅलेंडर बघत नाही, चंद्रोदयाची वेळ मीच सांगते. त्या दिवशीही केला. वेळ सांगितली. गुडघा कसा आहे विचारलं, तेल लावत जा म्हटलं. तो म्हणाला साबुदाणा भिजवलाय. मी म्हटलं बरं. ती गोष्ट अगदी ओठांवर आली होती, पण मी फोन ठेवून दिला.

काय बोलणार होते मी? चोरीला गेला, असं लिहिलेलं होतं. कोणी चोरला? कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात. दुकानदाराने पडदा बघितला आणि डोकं खाजवलं.

"असं कसं? डिस्क नवी आहे मॅडम, सीलबंद खोलली तुमच्यासमोर. ट्रॅकिंग असतं ते सगळं डिस्कमध्ये. डिस्क गेली, मॅटर खतम."

"मग हे काय आहे?"

"तेच तर..." त्याने मजकूर पुन्हा वाचला आणि त्याचा चेहरा जरा बदलला. "मॅडम, बिल आहे का याचं?"

मला इतका राग आला. बाईमाणूस दुकानात उभी आहे, वीस वर्षं या एरियात राहते आहे, आणि हा मला विचारतो बिल आहे का! मी लॅपटॉप उचलला आणि बाहेर पडले. रस्ता ओलांडल्यावर राग उतरला, कारण त्याने विचारलं त्यात चूक काहीच नव्हती.

घरी येऊन मी फोनवर शोधायला बसले. लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलली तर चोरी शोधणारी सोय चालू राहते का? जगात हा प्रश्न विचारणारे खूप लोक आहेत असं दिसलं. निम्मे म्हणत होते, नाही, डिस्कबरोबर सगळं जातं. निम्मे म्हणत होते, कशाला जाईल? मी वाचत गेले. साधी सोय असेल तर ती डिस्कमध्येच असते, डिस्क काढली की गेली. पण काही ऑफिसं मशीन घेतानाच वेगळी व्यवस्था करून घेतात. तिचं बी आतल्या मुख्य बोर्डात पेरलेलं असतं. डिस्क पुसा, फोडा, नवी घाला, त्या बोर्डाला फरक पडत नाही. नव्या डिस्कवर विंडोज टाकून इंटरनेटला जोडलं की ती व्यवस्था आपली आपण पुन्हा उगवते आणि मालकाला कळवते की मी इथे आहे. दादाने टाकलेल्या फुकटच्या सिस्टममध्ये मात्र तिला उगवता येत नव्हतं.

म्हणजे मी डिस्क बदलली नसती, माझ्या फॉन्टचा हट्ट धरला नसता, तर तो लॅपटॉप हळूहळू चालत राहिला असता आणि कोणाला काही कळलं नसतं. मी पैसे देऊन, दुकानात उभी राहून, त्याला जागं केलं होतं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते नवऱ्यालाच विचारा. आधी मी वायफायचं बटण बंद केलं. मग वाटलं, शेजाऱ्यांचं वायफाय पकडेल. म्हणून लॅपटॉप पोळ्या गुंडाळायच्या फॉइलमध्ये गुंडाळला, अख्खा रोल संपवला, आणि तांदळाच्या मोठ्या डब्यात खुपसून ठेवला.

"आता कुकरमध्ये घाल. तीन शिट्ट्या दे," नवरा म्हणाला.

"तुला चेष्टा सुचतेय?"

"मग दादांना सरळ विचार ना. एवढं काय त्यात?"

"काय विचारू? चोरलास का, असं विचारू?"

तो पेपर वाचायला लागला.

दारावरची बेल वाजली की मी आधी दाराच्या भिंगातून बघायचे. कुरिअरवाला, कचरेवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, प्रत्येक वेळी मला वाटायचं, आले. प्रबंधवाली मुलगी फोन करायची, "ताई, झालं का तिसरं प्रकरण?" तिला मी व्हायरस आलाय म्हणून सांगितलं. खिडकीतून खाली बघायचे, एखादी अनोळखी गाडी उभी दिसली की ती जाईपर्यंत तिथेच उभी राहायचे. पण खरं सांगायचं तर पोलिसांची भीती वरवरची होती. आतून मला दुसरीच गोष्ट कुरतडत होती. मला माझा दादा जसा होता तसा हवा होता. बाकी जगातली माणसं कशीही निघोत, मला त्याचं काही वाटत नाही. पण तो पेन परत नेणारा माणूस होता म्हणून मी अर्ध्या जगाला नावं ठेवू शकत होते. तो तसा नसेल तर मी कोणाच्या जोरावर बोलायचं?

आणि तरी मी त्याला रोज फोन करत होते. इतर वेळी आठवड्यातून एकदा करते. गुडघा, भाजी काय आणलीस, तुमच्याकडे पाणी आलं का, काहीही. त्याच्या आवाजात काही ऐकू येतंय का ते बघायला. तो नेहमीसारखा बोलायचा. एकदा म्हणाला, "काय गं, हल्ली सारखे फोन? बरं आहे ना सगळं?" मी म्हटलं, अरे सहज.

शेवटी रविवारी मी आंबोळ्या केल्या, डबा भरला, तांदळातून लॅपटॉप काढून पिशवीत घातला आणि बोरिवलीला निघाले. मेट्रो स्टेशनवर बॅगा मशीनमधून जातात हे मी विसरलेच होते. पट्ट्यावरून पिशवी आत गेली आणि माझा जीव तिच्याबरोबर आत गेला. पलीकडे बसलेली सिक्युरिटीवाली पडद्याकडे बघत जांभई देत होती. "डब्यात काय आहे?" तिने विचारलं. मी म्हटलं, आंबोळ्या. तिने हात हलवून जा म्हटलं. अंधेरीला गाडी बदलताना मी दोनदा पिशवीत हात घालून बघितलं. कोणी तो चोरावा अशीच माझी इच्छा होती खरं तर.

दादा बनियनवर बसून बूट पॉलिश करत होता. सोमवारची तयारी तो रविवारी करतो. मला बघून खूश झाला, चहा टाकायला उठला. मी म्हटलं, चहा राहू दे. लॅपटॉप टेबलावर ठेवला, फॉइल सोडवली आणि चालू केला.

त्याने चष्मा लावून वाचलं. पूर्ण वाचलं, शेवटच्या फोन नंबरापर्यंत. मग खुर्चीवर बसला. ब्रश अजून हातातच होता.

"कधी आलं हे?"

"काल," मी म्हटलं.

आठवडा उलटून गेला होता. पण काल म्हटलं की मी लगेच धावत आले असं झालं असतं. एवढे दिवस मी त्याच्याशी फोनवर बोलत असताना मनात काय चाललं होतं ते त्याला कळायला नको होतं.

"तू डिस्क बदललीस ना?"

"हो."

"मग येईल कसं? आमचे कंप्युटरवाले म्हणायचे, सगळं डिस्कमध्ये असतं. मी तर ती पुसून दिली होती." तो माझ्याकडे अशा आशेने बघत होता की मी म्हणेन, काहीतरी चूक झाली असेल. मी त्याला बोर्डाचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. ब्रश खाली ठेवला.

"मीच सांगितलं त्यांना चोरीला गेला म्हणून," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. नोकरी सोडून गेलेल्या कोणा मुलाचा तो लॅपटॉप होता. कपाटात जमा होता, पुढे भंगारातच जायचा होता. दिवाळीत माझा फोन आला. त्याला वाटलं, भंगाराच्या वेळी त्यात दाखवून टाकू, कोणाचं काय जातंय. पण भंगार निघायच्या आधी वरच्या ऑफिसातून माणसं आली, एकेक वस्तू तपासायला. लॅपटॉपमध्ये एक कमी भरला. सगळ्यांनी दादाकडे बघितलं, कारण अशा वेळी सगळे दादाकडेच बघतात.

"माझ्या तोंडून निघून गेलं गं. म्हटलं, कोणीतरी नेला असेल. त्यांनी लगेच मानलं. एकानेही उलट विचारलं नाही."

मी त्याच्या पायाशी जमिनीवर बसले होते. मला त्याचा राग आला नाही. मला त्या बाईचा राग येत होता जिने दिवाळीच्या तोंडावर फोनवर आवाज पाडला होता.

"आपण खाडीत टाकून देऊ," मी म्हटलं. "नाही तर रिक्षात विसरू. मी विसरते. तू काही करू नकोस."

"कंपनीचा आहे तो," दादा म्हणाला. "उद्या नेऊन देतो."

"आणि काय सांगशील?"

"जे झालं ते."

"दादा, वेडा आहेस का? रिटायर व्हायला किती राहिलेत? हाकलून देतील तुला. तीस वर्षं घातलीस तिथे."

"जुनी डिस्क आहे तुझ्याकडे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, घरी ड्रॉवरमध्ये आहे. "सकाळी घेऊन ये. ती त्यांची आहे. ही नवी तुझी, ती काढून घेऊ." आणि त्याने कपाटातून बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला आणि माझ्या आंबोळ्यांचा डबा बाजूला सारून लॅपटॉप उलटा केला. मी म्हणत होते, राहू दे रे, तेवढ्याने काय होतंय. तो म्हणाला, तुझी वस्तू त्यांच्याकडे कशाला? मी त्याचे हात बघत बसले. तोच माणूस होता, अगदी तोच, आणि त्यामुळे मला आणखी रडू येत होतं.

सोमवारी सकाळी मी अंधेरीला गेले. डिस्क देऊन लगेच घरी जा म्हणत होता तो, पण मी ऐकणारी नव्हे. गेटच्या बाहेर त्याने डिस्क माझ्या हातातून घेतली, बॅगेत ठेवली, गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं आणि आत गेला. वॉचमनने त्याला उठून सलाम केला.

मी समोरच्या चहाच्या टपरीपाशी उभी राहिले. उभी कसली, चालत होते. टपरीपासून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत आणि परत. चहावाल्याने दोनदा विचारलं, कोणाला शोधताय का. मी मनात ठरवत होते की त्याला काढून टाकलं आणि तो आपल्या सामानाची पेटी उचलून बाहेर आला तर काय बोलायचं. चल, माझ्याकडे राहायला ये. एवढंच बोलायचं, उगाच जास्त बोलायचं नाही. नवऱ्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं, तो म्हणाला होता, त्यात विचारायचं काय. मला ती तीस वर्षं दिसत होती, आणि त्या वॉचमनचा सलाम. परत बाहेर येताना तो उठेल की नाही याचीच मला जास्त धास्ती होती.

जेवणाच्या सुट्टीला माणसं बाहेर पडू लागली आणि त्यांच्यात दादा दिसला. ओळखपत्र गळ्यात होतं. पेटी नव्हती. वॉचमन उठला होता.

"काय म्हणाले?"

"बस म्हणाले. चहा मागवला."

"मग?"

"मी सांगायला लागलो तर साहेब म्हणाले, माहीत आहे." दादा टपरीच्या बाकावर बसला. "लॅपटॉप नेटला लागला तेव्हाच त्यांना समजलं. नकाशावर गल्ली दिसते म्हणे. आमचा कंप्युटरवाला होता ना, तुझ्याकडे वडे खाल्लेला? त्याने बिल्डिंग ओळखली. साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, कोणी काही बोलायचं नाही. ते स्वतःच आणून देतील."

"म्हणजे काढलं नाही तुला?"

"नाही. सापडला अशी नोंद करणार. कुठे काही लिहिणार नाहीत."

मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने म्हटलं, "अरे मग चांगलंच झालं की! देवमाणसं आहेत रे!"

दादा रस्त्याकडे बघत होता. चहावाल्याने आणून ठेवलेला ग्लास त्याने उचलला नाही.

"रोज गुड मॉर्निंग म्हणत होते गं मला. सगळे. आणि सगळ्यांना माहीत होतं. गुरुवारी एकाचा वाढदिवस होता, केक कापला. पहिला तुकडा मला दिला, तुम्ही सगळ्यांत सीनियर म्हणून." त्याने ग्लास बाजूला सरकवला. "मी खाल्ला तो."

मी त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, झालं गेलं, विसरून जा.

"त्यांना तिकडे सगळं दिसतं," तो म्हणाला. "तो मजकूर कधी लागला तेपण. संकष्टीला दुपारी लागला म्हणाले."

मी तो ग्लास पुन्हा त्याच्यापुढे ठेवला.

"काल आलं, असं म्हणालीस तू मला." तो चिडला नव्हता. हिशोब लागत नसल्यासारखा बोलत होता. "त्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला होता. चंद्रोदयाची वेळ सांगितलीस. गुडघ्याला तेल लाव म्हणालीस. नंतर रोज येत होता फोन."

मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि आईवडील गेल्यापासून जी बोली आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो त्या मालवणीत म्हणाला, "तू माका कित्या नाय इचारलंस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून," मी म्हटलं.

"हां," दादा म्हणाला. "साहेबपण हेच म्हणाले."

आणि जेवणाची सुट्टी संपत आली होती म्हणून तो उठला आणि गेटकडे चालू लागला.